‘येऊ का?’चं बटण

आमचं घर कुलपांवर चाललं. रविवार पेठेत बाबांचं कुलपं, कड्या आणि बिजागऱ्यांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या जिवावर मी शिकले, आयटीत चिकटले आणि मग चांगली चाललेली नोकरी सोडून कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत व्हिडिओ गेम बनवायला बसले. बाल्कनीला काचा बसवल्यावर आम्ही तिला ऑफिस म्हणायला लागलो. सोसायटीतले लोक मात्र तिला बाल्कनीच म्हणायचे.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. कॉलेजपासूनची. ती वाघोलीची, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. तिच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर आहेत आणि चौथ्या बाजूला म्हशी. गेमचं सगळं प्रोग्रॅमिंग तिचं. चित्रं, गोष्ट, संवाद आणि संताप या गोष्टी माझ्याकडे.

आमची गेम लग्नाच्या पत्रिका वाटण्यावर होती. घरात लग्न आहे, एकच रविवार हाताशी आहे, आणि दोन पिशव्या भरून पत्रिका घरोघरी द्यायच्या आहेत. पत्रिका देणं सोपं असतं. अवघड असतं ते तिथून निघणं. मावशी बसवून घेतात, पोहे आणतात, नको म्हटलं तर लाडू आणतात, आपल्या मुलीसाठी एखादं स्थळ आहे का विचारतात. घाईनं उठलात तर मावशी दुखावतात आणि लग्नाला येत नाहीत. बसून राहिलात तर रविवार संपतो. वाघोलीची पातळी सर्वांत कठीण, कारण तिथे जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही. सर्वांत सोपी पातळी पेठेतली. तिथे दाराच्या जाळीतून हात बाहेर येतो, पत्रिका घेतो आणि आत जातो. ही पातळी मी बाबांना दाखवली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, बरोबर आहे, रविवारी कोणाकडे जायचंच कशाला.

ही गेम आम्हाला विकायची होती ती परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानात. नेहमीच्या मोठ्या दुकानांत नाही, हा माझा हट्ट. मोठ्या दुकानात तुम्ही पैसे मोजून गेम घेता, पण ती तुमच्या खात्याला बांधलेली राहते. दर वेळी आतून कोणीतरी तपासतं आणि मग उघडू देतं. हे लहान दुकान निराळं होतं. ते लोक आलेली प्रत्येक गेम स्वतः खेळून बघत, आवडली तरच मांडत. बहुतेकांना नाही म्हणत. आणि विकलेली गेम म्हणजे सरळ फाइल, कसलंही कुलूप नसलेली. इंटरनेट बंद असो, उद्या ते दुकान बुडो, तुमची गेम तुमच्याकडे. पुस्तक विकत घेतल्यासारखं.

हे बाबांना सांगताना मी जरा घाबरतच होते. जन्मभर कुलपं विकलेल्या माणसाला लेक सांगते की मी माझा माल कुलूप न लावता विकणार. मला वाटलं, आता चोरांवर व्याख्यान होणार. बाबांनी चहा संपवला.

“इतकी वर्षं गल्ल्यावर बसलो,” ते म्हणाले, “चोर कधी तक्रार घेऊन आला नाही. रोज यायचे ते किल्ली हरवलेले मालक.”

आणि त्यांनी पेपर उघडला. मला ते इतकं आवडलं की दुकानाला गेम पाठवताना सोबतच्या मजकुरात मी ते वाक्य इंग्रजीत घातलं. कुलूपवाल्याच्या मुलीची बिनकुलपाची गेम, अशी जाहिरातही केली. मैत्रीण म्हणाली, नमनाला घडाभर तेल कशाला. मी तिचं ऐकलं नाही.

ती तेव्हा जरा चिंतेत होती. खराडीच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती, घरापासून दहा मिनिटांवर, आणि तिनं शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतला होता. तिचं म्हणणं साधं होतं. दुकानानं गेम घेतली तर ती नोकरी नाकारेल आणि आम्ही दुसरी गेम सुरू करू. नाही घेतली तर बाल्कनीत बसून एकमेकींना किती दिवस गेम विकायची? ती गेली तर माझी गेम संपणार हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मला तिच्या प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय त्या बाल्कनीत बसण्याची मला कल्पनाच करवत नव्हती.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला दुकानाचं उत्तर आलं. नकार होता.

तिथल्या गेम तपासणाऱ्या गृहस्थांनी अतिशय सभ्य शब्दांत लिहिलं होतं की चित्रं सुंदर आहेत, संगीत छान आहे, पण आम्ही पहिल्या घराच्या पुढे जाऊच शकलो नाही. प्रत्येक वेळी गेम आपोआप बंद होते. आमच्या संगणकाला इंटरनेट जोडलेलं नसतं, त्यावरून शंका येते की तुमच्या गेममध्ये कुठेतरी लपवलेली तपासणी आहे. तसं असेल तर आम्ही ती विकू शकत नाही.

लपवलेलं कुलूप! आणि ते माझ्या गेममध्ये! मी खुर्चीतून उठले, बाल्कनीत जेवढ्या येरझाऱ्या घालता येतात तेवढ्या घातल्या, म्हणजे दोन पावलं तिकडे आणि दोन पावलं इकडे. मैत्रीण शांतपणे म्हणाली, ओरडू नकोस, बग शोधू.

मग आम्ही बग, म्हणजे प्रोग्रॅमिंगमधली चूक, शोधायला लागलो. घरातलं वायफाय बंद केलं, बाबांची मालिका ऐन रंगात थांबली, गेम मात्र मजेत चालत राहिली. सोसायटीतल्या शिकवणीच्या बाईंचा जुनापुराणा लॅपटॉप मागून आणला, त्यावर चालली. मैत्रिणीनं ती वाघोलीला नेऊन चुलतभावाच्या संगणकावर टाकली, तिथेही चालली. चुलतभाऊ तर खेळत बसला आणि जेवायला उठेना. तिनं सगळं प्रोग्रॅमिंग ओळ न् ओळ वाचून काढलं. गेममध्ये इंटरनेटकडे बघणारी एकही ओळ नव्हती. शेवटी मी त्या गृहस्थांना लिहिलं की आम्ही शपथेवर सांगतो, कुलूप नाही. तुम्ही खेळताना पडद्यावर काय होतं त्याचा व्हिडिओ पाठवाल का?

बुधवारी व्हिडिओ आला तेव्हा मी वाघोलीला तिच्या घरी होते. ओसरीवर लॅपटॉप मांडून आम्ही दोघी बघायला लागलो.

गेम सुरू झाली. पहिल्या घराचं दार, दाराशी चपला, घंटा. त्या गृहस्थांच्या माउसचा बाण घंटेपाशी गेला आणि थबकला. परक्या घराची घंटा एकदम कशी वाजवायची असं त्यांना वाटलं असावं. मग तो बाण हळूहळू वर सरकला, कोपऱ्यातल्या बटणावर आला आणि त्यांनी ते दाबलं. आतून बाबांच्या आवाजात आलं, “या!” आणि गेम बंद झाली. त्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा घंटेपाशी थबकले, पुन्हा वर गेले, पुन्हा बटण, पुन्हा बाबांचं “या!”, पुन्हा बंद. असं कितीतरी वेळा. तो बिचारा सभ्य माणूस दारात उभा राहून आत येण्याची परवानगी मागत होता, आणि आम्ही “या” म्हणून त्याच्या तोंडावर दार लावत होतो.

आता त्या बटणाबद्दल सांगायला हवं. ते गेममधून बाहेर पडायचं बटण होतं. पहिल्यांदा मी त्यावर सगळे लिहितात तसं ‘बाहेर पडा’ लिहिलं होतं. बाबांना खेळायला बसवलं तर ते म्हणाले, पाहुण्याला घरी बोलावून बाहेर पडा सांगता, शाब्बास. मला पटलं. म्हणून मी विचार केला की निघताना माणूस जे म्हणतो तेच लिहावं. ‘येतो’ लिहिलं तर बायका रागावतील, ‘येते’ लिहिलं तर पुरुष. मग सुचलं ‘येऊ का?’. ते दाबलं की यजमान “या” म्हणणार, खेळ जपून ठेवला जाणार आणि गेम बंद होणार. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी आइस्क्रीम आणलं.

इंग्रजीचं काम माझ्याकडे होतं. ‘येऊ का?’चं मी केलं ‘मे आय कम?’ आणि बाबांच्या ‘या’खाली उमटणाऱ्या अक्षरांत ‘कम!’. कित्येक महिने ते बटण आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर होतं. आमच्या ओळखीच्या सगळ्यांनी ती गेम खेळून पाहिली होती, इंग्रजीतसुद्धा. कोणाला काही खटकलं नाही, कारण खेळणारा प्रत्येक जण आपल्यातलाच होता. आमच्या लेखी ‘कम’चा अर्थ जाणं हाच होता.

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. काखेत कळसा म्हणतात तो हा. आम्ही इतक्या हसलो की तिची आई गोठ्यातून काय झालं म्हणून बघायला आली. मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं. कुलूप नव्हतं, बग नव्हता, एक शब्द तेवढा उलटा पडला होता.

हसून झाल्यावर मैत्रिणीनं डोळे पुसले आणि दोन मिनिटांत इंग्रजी बटणावर ‘एक्झिट’ टाकलं. झालं, म्हणाली, पाठवून देऊ.

मी म्हटलं, नाही.

तिला आधी वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. अख्खी गेम कशावर आहे, तर कोणाच्या घरून कसं निघायचं यावर. आणि नेमकं निघायच्या बटणावर विमानतळावरच्या पाटीसारखं ‘एक्झिट’? ती म्हणाली, इंग्रजीत तेच म्हणतात. मी म्हटलं, मग त्यांनी त्यांच्या गेम खेळाव्यात. ती म्हणाली, अगं, एका शब्दासाठी तू दुकान घालवणार, शुक्रवार परवावर आलाय. मी म्हटलं, तुला काय, तुझी नोकरी तयार आहे. हे बोलायला नको होतं हे बोलतानाच कळत होतं, पण जीभ सुटली होती. तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, तुझ्याबरोबर काम करायचं म्हणजे रोज तुझी समजूत काढायची.

माझं डोकं फिरलं. मी पिशवी उचलली, चपला पायात अडकवल्या आणि म्हटलं, “जाते मी.”

ते ऐकून मीच दचकले. आमच्याकडे जाते कोणी म्हणत नाही. भांडून निघालेली सूनसुद्धा येते म्हणून निघते. दारातून निघताना मी जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला होता. मैत्रिणीचा चेहरा उतरला. तिची आई तिथेच खांबाशी उभी होती.

“जाते न्हाई म्हनू गं,” ती म्हणाली. “येते म्हनावं. येवडं काय झालंय?”

मला रडूच आलं. मी तिथेच पायरीवर बसले, चपला पायात तशाच. आईनं चहा टाकला. मैत्रीण मग माझ्या शेजारी येऊन बसली, लॅपटॉप मांडीवर उघडला आणि ‘एक्झिट’ पुसून पुन्हा ‘मे आय कम?’ लिहिलं. त्याच्याखाली, बाण वर आणला की दिसेल अशी, तिनं स्वतः इंग्रजीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा: आमच्याकडे निघताना जातो असं कोणी म्हणत नाही, पुन्हा येऊ का असं विचारतात, निघायचं असेल तर हे दाबा.

संवाद लिहिणारी मी होते, पण त्या गेममधली सर्वांत चांगली ओळ तिची आहे, आणि हे मी तिला तेव्हाच सांगितलं. आम्ही गेम पुन्हा पाठवली. सोबत मी त्या गृहस्थांना सगळा घोटाळा कळवला, आणि इतक्या वेळा दारातून परत पाठवल्याबद्दल माफी मागितली. निघताना मी तिच्या आईला मोठ्यानं “येते” म्हटलं. आईनं “ये” म्हटल्यावरच मला बरं वाटलं.

गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी दुपारी मैत्रीण खराडीला त्या कंपनीत गेली. तिनं फोनवर एवढंच सांगितलं की प्रत्यक्ष जाऊन बोलते, आणि ती तिथे काय बोलणार हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी बाल्कनीत बसून मेल उघडत होते आणि मिटत होते. बाबा दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, बघत बसल्यानं दूध लवकर तापत नाही.

आणि मेल आला.

त्यांनी गेम घेतली होती! त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की बटण कृपा करून बदलू नका. ओळ वाचल्यावर त्यांनी घंटा वाजवली, आत गेले, आणि आता त्यांच्या कचेरीतले सगळे जण ती खेळताहेत. स्वतः ते वाघोलीच्या घरात अडकले होते. शेवटी त्यांनी एक शंका विचारली होती: मावशींनी तिसऱ्यांदा ताट भरलं आहे, न दुखावता कसं उठायचं?

मी किंचाळले. बाबा धावत आले. त्यांना मिठी मारली, ती त्यांना सवय नसल्यानं नीट जमली नाही. म्हणजे आता दुकान झालं तुझं, ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. मैत्रिणीला फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. त्या कंपनीत आत जाताना फोन फाटकावर ठेवून घेतात हे मला आठवलं. ती आत्ता आत बसून हो म्हणत असणार.

मी गाडीची किल्ली उचलली. तोंडाला स्कार्फ बांधायलाही थांबले नाही, आणि पुण्यात दुपारच्या उन्हात गाडी चालवणाऱ्या मुलीनं स्कार्फ न बांधणं म्हणजे काय हे पुण्यातल्याच माणसाला कळेल. कर्वे रस्ता, डेक्कन, बंडगार्डन, येरवडा. प्रत्येक सिग्नल माझ्यासाठी खास लाल होत होता. येरवड्याला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं की ताई, दवाखाना का? मी म्हटलं, नाही, आनंदाची बातमी आहे. मग सावकाश जावा की, तो म्हणाला, आनंद कुठं पळतोय. नगर रस्त्यावर मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते आणि त्याच वेळी देवाला म्हणत होते, तिला अजून सही करू देऊ नकोस.

कंपनीच्या फाटकाशी पोचले तर ती पहारेकऱ्याकडून फोन परत घेत उभी होती. मी गाडी जवळजवळ तिच्या पायावरच घातली.

“घेतली,” मी म्हटलं. “त्यांनी गेम घेतली. तू आत परत जा आणि नाही म्हणून सांग.”

ती फुटपाथच्या कडेवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता म्हणाली की नाही म्हणूनच आलेय.

मला कळेना. दुकानाचं उत्तर तर तिला माहीत नव्हतं. मेल आला तेव्हा तिचा फोन फाटकावर होता. मी तिला तसं म्हटलं.

“माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “पण परवा तू आमच्या दारात जाते म्हणालीस. ते मला नाही आवडलं.”

एवढंच. मी तिच्या शेजारी बसले. पहारेकरी आमच्याकडे बघत होता, बघू दे म्हटलं. थोड्या वेळानं डोळे वगैरे पुसून झाल्यावर मी विचारलं की नाही म्हणायला तुला दोन तास कशाला लागले.

तर झालं होतं असं. नोकरी देणारे साहेब लखनौकडचे, मराठी शिकायची त्यांना भारी हौस. तिनं नीट, नम्रपणे नकार दिला, कारणं सांगितली. ते हळहळले, पण त्यांनी मान्य केलं. ती उठली, आणि उठताना सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, बरं सर, येऊ का? साहेबांचा चेहरा खुलला. या, या ना, सोमवारपासूनच या, असं म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवले.

“मग?”

“मग परत बसले आणि पहिल्यापासून सगळं समजावलं,” ती म्हणाली. “म्हटलं, सर, आमच्यात येते म्हणजे जाते.”